टोपाची कड

शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हाताऱ्याचे काम करणाऱ्या मुलाला भाड्याचा पांढरा टोप चढवला, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही एक गोष्ट दिसते. कपाळावर टोप जिथे सुरू होतो तिथे सरळ, जाड रेघ असते. केस कितीही चांगले असोत, ही रेघ सारे गुपित फोडते. आपल्या स्वत:च्या कपाळाकडे आरशात नीट पाहिले तर कारण लगेच कळते. खऱ्या केसांना कड नसतेच. आधी बारीक, विरळ, आखूड केस येतात, मग ते हळूहळू दाट होत जातात, आणि त्यांच्या मधून कातडी दिसत राहते.

बाजारात ज्याला 'लेस फ्रंट विग' म्हणतात तो या अडचणीवरचा आजवरचा सर्वांत यशस्वी उपाय आहे. त्याच्या पुढच्या भागात कापडाऐवजी अतिशय तलम जाळी असते आणि तिच्या छिद्रांच्या धाग्यांवर एकेक केस गाठ मारून बसवलेला असतो. जाळी कपाळावर चिकटवली की ती दिसेनाशी होते आणि केस कातडीतून उगवल्यासारखे वाटतात. पण या टोपाचा सर्वांत नाजूक भागही हीच जाळी. टोप कसा काढायचा, कसा धुवायचा, कसा विंचरायचा याचे सगळे नियम तिच्याभोवती आणि मेलेल्या केसाच्या स्वभावाभोवती फिरतात. हे नियम कुठून आले ते पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

प्राचीन इजिप्तमध्ये टोपाची कड लपवण्याची कोणाला गरजच वाटत नव्हती. मेदूम येथे १८७१ साली सापडलेल्या राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याच्या मूर्ती कैरोच्या संग्रहालयात गेल्या. त्या साडेचार हजार वर्षांहून जुन्या आहेत. नोफ्रेतच्या डोक्यावर भरदार टोप आहे आणि त्याच्या खाली, कपाळावर, तिचे स्वत:चे केस शिल्पकाराने स्पष्ट दाखवले आहेत. टोप म्हणजे दागिना. दागिना खोटा ठरण्याचा प्रश्न येत नाही, कारण तो शरीराचाच भाग आहे असे कोणी म्हणत नाही.

थीब्ज येथे सापडलेला सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक टोप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो माणसाच्या केसांचा आहे आणि आतली जाळीसुद्धा केसांच्याच बारीक वेण्यांची, चौकटीचौकटींची विणलेली आहे. केस जागच्या जागी राहावेत म्हणून त्यांवर मेण आणि राळ यांचे मिश्रण लावलेले आहे. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. इजिप्तच्या उन्हात हवा एवढी तापत नाही, त्यामुळे कुरळे केस टिकतात, आणि कारागिराने मेण जरा गरम केले की हवा तो आकार देता येतो. तापमानांच्या या फटीचा तिथल्या कारागिरांनी अचूक उपयोग केला होता. देइर अल-मदीना येथे १९०६ साली खा आणि मेरित यांची न लुटलेली कबर उघडली गेली. तीत मेरितचा टोप त्याच्या उंच लाकडी पेटीत ठेवलेला मिळाला. टोप वापरात नसताना झाकून, आकार न मोडता ठेवावा हा नियम तेव्हापासूनचा आहे असे म्हणायला हरकत नाही.

उवा, पीठ आणि पावाची भट्टी

सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारातून टोपाची चाल युरोपभर पसरली. लंडनमधील नौदल कचेरीतला अधिकारी सॅम्युएल पेपिस याने १६६३ साली स्वत:चे केस कापून टोप घेतला. त्याच्या रोजनिशीत टोपाबद्दलच्या तक्रारी वारंवार येतात, आणि त्या बहुतेक सगळ्या देखभालीच्या आहेत. करून आणलेल्या टोपात लिखा निघाल्या आणि तो कारागिराकडे साफ करायला द्यावा लागला. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा तर घरात नवा टोप असूनही तो घालायची त्याला भीती वाटली. केस प्लेगने मेलेल्या माणसाचे तर नसतील? प्लेग ओसरल्यावर टोपांचे काय होणार, असाही प्रश्न त्याला पडला होता. दुसऱ्याचे केस आपल्या डोक्यावर घेताना ते कुठून आले हे विचारावे लागते. या प्रश्नाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

त्या काळी कड लपवायची पद्धत साधी होती. पुढचे स्वत:चे केस थोडे ठेवायचे, ते टोपावरून मागे विंचरायचे, सगळ्यांवर चरबीचे मलम चोळायचे आणि वरून पांढरी भुकटी उधळायची. भुकटी म्हणजे मुख्यत: गव्हाचा स्टार्च. आपले केस आणि टोपाचे केस एकाच रंगाचे झाले की सांधा दिसत नाही. भुकटी उधळताना तोंड कागदी नळकांड्यात धरीत. चरबी आणि स्टार्च यांचे हे लिंपण किड्यांना आणि उंदरांना किती आवडत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

माणसांच्या खाण्याचा गहू डोक्यावर जात होता ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. १७९५ साली इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई होती, पाव महागला होता आणि फ्रान्सशी युद्ध चालू होते. पंतप्रधान पिट याने त्याच वर्षी केसांच्या भुकटीवर कर बसवला. भुकटी वापरणाऱ्याने वर्षाला एक गिनी भरून परवाना घ्यायचा. कर देणाऱ्यांना लोक 'गिनी पिग' म्हणू लागले. फॅशन आधीच उतरणीला लागली होती, करामुळे ती झपाट्याने गेली. कर स्वत: मात्र १८६९ पर्यंत कायद्यात राहिला. न्यायालयातले टोप टिकून राहिले, पण तिथेही चरबी आणि भुकटीचा कंटाळा आलेला होताच. लंडनच्या हंफ्री रेव्हन्सक्रॉफ्ट याने १८२२ साली घोड्याच्या पांढऱ्या केसांचा, कायम वळणे बसवलेला, भुकटी न लागणारा टोप काढला. इंग्लंडमधल्या दिवाणी न्यायाधीशांनी २००८ पासून टोप सोडला, फौजदारी न्यायालयांत तो चालू राहिला.

कायमचे वळण कसे बसवायचे, हे फ्रेंच कारागिरांना त्याआधीच ठाऊक होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने निरनिराळ्या धंद्यांची वर्णने प्रसिद्ध करण्याचा मोठा उपक्रम केला होता. त्यात १७६७ साली गार्सो यांचे टोप बनवण्याच्या कलेवरचे पुस्तक निघाले. त्यात सांगितलेली कृती आमच्या मते विज्ञानाच्या वर्गात सांगावी अशी आहे. केस भाजलेल्या मातीच्या किंवा लाकडाच्या छोट्या नळ्यांवर गुंडाळायचे, तासन् तास पाण्यात उकळायचे, वाळवायचे, मग कागदात गुंडाळून कणकेच्या जाड पारीत भरायचे आणि तो गोळा पाववाल्याच्या भट्टीत भाजून घ्यायचा. कणकेमुळे उष्णता सावकाश आणि सारखी पोचते, आतली वाफ कोंडून राहते आणि केस करपत नाहीत. आपल्याकडे पुरणाला पोळीची पारी जे काम करते तेच इथे केसांना.

पण उकळायचे कशाला? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींना दोन तऱ्हेच्या बंधांनी धरून ठेवतात. एक हायड्रोजन बंध. ते संख्येने पुष्कळ, पण दुबळे असतात. पाण्याने सुटतात, वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून ओले केस पेन्सिलीला गुंडाळून वाळवले तर कुरळे होतात आणि पुन्हा भिजले की सरळ होतात. दुसरे गंधकाचे बंध. ते मजबूत असतात आणि थंड पाण्याला दाद देत नाहीत. पुष्कळ वेळ उकळल्यावर मात्र त्यांतले काही तुटून नव्या जागी जुळतात, आणि मग आलेले वळण नंतर धुतले तरी जात नाही. लीड्स येथील विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० च्या दशकात लोकर आणि केस यांची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन ताणलेल्या आणि न ताणलेल्या केराटिनची रचना वेगळी असते हे दाखवले, तेव्हा या जुन्या कृतीमागचे कारण उलगडू लागले. गार्सोच्या कारागिरांना रेणू ठाऊक नव्हते, पण किती तास उकळायचे ते ठाऊक होते.

हा प्रयोग वर्गात करता येतो. विंचरताना निघालेल्या केसांच्या दोन बटा दोन काड्यांवर गुंडाळाव्यात. एक नुसती भिजवून वाळवावी, दुसरी शिक्षकांच्या देखरेखीखाली तासभर उकळून वाळवावी. नंतर दोन्ही पाण्यात बुडवून पाहाव्यात.

जाळीचे यंत्र आणि फोडलेला कारखाना

आता जाळीकडे वळू. अठराव्या शतकातले टोप फितीने बांधलेल्या टोपीवर केसांच्या विणलेल्या झालरी शिवून केलेले असत. तलम जाळी तेव्हाही मिळे, पण ती हाताने विणलेली. बायका उशीवर टाचण्या टोचून, त्यांभोवती डझनावारी लाकडी गोट्यांवरचे धागे पिळत ती तयार करीत. चौरस इंचाला तासन् तास लागत. एवढी महाग वस्तू टोपाच्या कडेला लावून ती गोंदाने चिकटवणे कोणाला परवडणार?

जॉन हीथकोट हा १७८३ साली इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात जन्मलेला यंत्रकारागीर. उशीवर जाळी विणणाऱ्या बाईच्या हातांकडे त्याने बारकाईने पाहिले. धाग्यांचे जंजाळ प्रथम निव्वळ गोंधळ वाटते. पण जाळी उसवत, एकेका धाग्याचा माग काढत गेल्यावर त्याच्या ध्यानात आले, की निम्मे धागे ताण्यासारखे सरळ लांबीच्या दिशेने जातात आणि उरलेले निम्मेच तिरके फिरत त्यांना वेढे घालतात. मग निम्मे धागे यंत्रात नुसते ताणून धरता येतील. फिरवायचे ते उरलेले. ते फिरवण्यासाठी त्याने पितळेच्या अगदी पातळ चकत्यांची बॉबिने केली. ती ताण्याच्या दोन धाग्यांमधल्या फटीतून अलगद पलीकडे जात. १८०८ आणि १८०९ साली त्याने यंत्राची पेटंटे घेतली. अवघड प्रश्नाचा कोणता अर्धा भाग स्थिर आहे हे ओळखणे, ही शोध लावण्याची एक फार जुनी रीत आहे. विद्यार्थ्यांना ती इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच पाहायला मिळते.

या यंत्राच्या जाळीचे छिद्र षट्कोनी असते आणि धागे एकमेकांना पीळ घालून असल्यामुळे सरकत नाहीत. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ती कात्रीने कापली तरी तिची कड सहसा उसवत नाही. साध्या कापडाची कड दुमडून शिवावी लागते आणि दुमडलेली कड जाड होऊन दिसते. ही जाळी कपाळाच्या रेषेवर नुसती कापून सोडता येते. टोपाच्या पुढच्या कडेचा प्रश्न १८०९ सालीच निम्मा सुटला होता, फक्त ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. हीथकोटच्या डोळ्यांसमोर बायकांचे झगे आणि बुरखे होते.

हीथकोटचा कारखाना लफबरो गावी होता. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते, मंदी होती, मजुरी घसरत होती. यंत्रे फोडणाऱ्या लडाइट कामगारांनी २८ जून १८१६ च्या रात्री कारखान्यात शिरून पन्नासहून अधिक यंत्रे हातोड्यांनी मोडली आणि तयार जाळी जाळली. त्यापायी एकाला त्याच वर्षी आणि आणखी सहाजणांना १८१७ मध्ये फाशी झाली. या माणसांना यंत्राचे अडाणी शत्रू म्हणून पाठ्यपुस्तकात एका ओळीत उडवून लावतात ते आम्हाला बरोबर वाटत नाही. त्यातले बरेच जण स्वत: कुशल यंत्र-विणकर होते. त्यांचे भांडण मजुरीच्या दराशी होते, आणि दाद मागायला दुसरी जागा त्यांना कायद्याने ठेवलेली नव्हती. कामगारांच्या संघटना तेव्हा बेकायदेशीर होत्या. हीथकोटने कारखाना दूर नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टन गावी हलवला. त्याचे अनेक कामगार बायकापोरांसह शेकडो किलोमीटर चालत तिकडे गेले. तो पुढे तिथला खासदार झाला आणि १८६१ साली वारला. टिव्हर्टनचा कारखाना दोनशे वर्षांनंतरही तांत्रिक कापड आणि जाळी विणतो आहे.

प्रखर उजेड

मेणबत्त्यांच्या उजेडात नाटकातला टोप कसाही असला तरी चाले. पुढे गॅसचे दिवे आले, आणि १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह पूर्णपणे विजेवर उजळले. उजेड वाढला तशी कड दिसू लागली. नटांनी त्यावर काढलेली युक्ती म्हणजे टोपाच्या पुढे कपाळभर तलम कापडाची पट्टी जोडायची आणि तीवर व चेहऱ्यावर एकच रंग चढवायचा. लुडविग लाइशनरने १८७३ साली बर्लिनमध्ये तेलकट रंगाच्या कांड्या विकायला काढल्या होत्या, त्यांनी हे काम सोपे झाले. पट्टी चिकटवायला स्पिरिट गम, म्हणजे झाडाची राळ मद्यार्कात विरघळवून केलेला गोंद. आपल्या रंगभूषाकारांच्या पेटीतही तो असतोच. मराठी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांच्या काळात कोणी स्वत:चे केस वाढवी, कोणी टोप आणि गंगावन वापरी. नाटक कंपनी गावोगाव फिरे तेव्हा टोपांची पेटी हा कंपनीच्या मालमत्तेतला जपण्याचा भाग असे.

पण कापडाची पट्टी कपाळाला आठी पडू देत नाही. चित्रपटात कॅमेरा चेहऱ्याजवळ आला तेव्हा ही युक्ती संपली. तिथे यंत्राच्या जाळीवर एकेक केस गाठवण्याची पद्धत रूढ झाली. पोलंडमधून अमेरिकेत गेलेला मॅक्स फॅक्टर १९०८ पासून लॉस एंजेलिसमध्ये टोप आणि रंगभूषेचा धंदा करीत होता. १९१४ च्या 'द स्क्वॉ मॅन' या चित्रपटासाठी दिग्दर्शक डीमिल यांना त्याने खऱ्या केसांचे महागडे टोप भाड्याने दिले. त्या वेळी त्याने अट घातली, की माझ्या मुलांना गर्दीतल्या दृश्यांत काम द्या, असे सांगितले जाते. मुले दिवसभर टोप घातलेल्या लोकांबरोबर वावरणार आणि संध्याकाळी एकूण एक टोप मोजून परत आणणार! देखभालीची व्यवस्था याहून पक्की कोणी केली असेल असे वाटत नाही.

जाळी आधी रेशमाची असे, पुढे नायलॉनची आली. नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने प्रथम बनवले. नायलॉनचा धागा रेशमापेक्षा घामाला आणि धुण्याला अधिक टिकतो आणि फार बारीक काढता येतो. पण बारीक धागा म्हणजे नाजूक धागा, त्याला इलाज नाही.

काढणे, धुणे, विंचरणे

रंगभूषेच्या खोलीत नवशिक्याला पहिली ताकीद मिळते ती अशी, की टोप कपाळाकडून ओढून काढू नये. स्पिरिट गममधली राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तर घामाने टोप सुटत नाही. पण मद्यार्कात ती विरघळते. तेव्हा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून जाळीच्या कडेशी टेकवायचा, गोंद मऊ व्हायला अर्धा मिनिट द्यायचा, जाळी आपणहून उचलली गेली की मगच टोप मागून पुढे उतरवायचा. डोळे मिटलेले हवेत आणि जवळ ज्योत नको. आजच्या ॲक्रिलिक किंवा सिलिकोन गोंदांना स्पिरिट पुरत नाही, त्यांचा स्वत:चा द्रावक वापरावा लागतो. समानास समान विरघळवते हा रसायनशास्त्राचा धडा इथे कपाळावरच शिकता येतो.

उतरवलेल्या जाळीत गोंद राहिला तर छिद्रे बुजतात, जाळी ताठ आणि चकचकीत होते आणि पुढच्या वेळी दिसते. ती साफ करताना टोप उलटा करून जाळी जुन्या पंचावर पसरायची आणि आतल्या बाजूने स्पिरिटच्या ब्रशाने हलके टिपायची. घासायची नाही. विरघळलेला गोंद खालच्या पंचाने शोषून घेतला पाहिजे. ब्रश बाहेरून, म्हणजे केसांच्या बाजूने चालवला तर गोंद केसांच्या गाठींत जाऊन बसतो. गाठी सैल झाल्या की केस गळतात, आणि टोपाचा गळलेला केस पुन्हा येत नाही.

धुण्याचे नियमही याच गाठींवरून ठरतात. आधी टोकांपासून वर येत गुंता काढायचा, मग कोमट पाण्यात थोडा सौम्य शाम्पू घालून टोप त्यात बुडवायचा आणि पाणी मुळांकडून टोकांकडे वाहू द्यायचे. आपले डोके आपण चोळतो तसे चोळायचे नाही. पिळायचे नाही. कंडिशनर टोकांना लावायचा, गाठींजवळ नाही, कारण तो गाठ निसरडी करतो. मग टोप डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर चढवून, जाळीची कड टाचण्यांनी आणि फितीने सपाट बसवून वाळवायचा. कड दुमडून वाळली तर ती तशीच राहते. टोपाच्या केसांना डोक्यातले तेल मिळत नाही आणि झीज भरून येत नाही. म्हणून तो वारंवार धुणे हेही नुकसानच. रोज वापर असेल तर दर आठ-दहा वेळांनंतर धुवावा असे साधारण मानतात, घाम जास्त असेल तर लवकर.

मुळांकडून टोकांकडे, यावर एवढा भर का? त्यासाठी एक प्रयोग करू. डोक्याचा एक लांब केस मुळासकट काढा. अंगठा आणि तर्जनी यांत तो धरून, बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने मागे-पुढे चोळा. केस बोटांतून सरकू लागेल, आणि नेहमी मुळाच्या बाजूनेच पुढे जाईल. केस उलटा धरून पुन्हा करा, तरीही मूळच पुढे. केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात, त्यांची मोकळी टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. एका दिशेने बोट गुळगुळीत जाते, उलट दिशेने अडते. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळला की आक्रसतो तोही याच खवल्यांमुळे. टोपात शेजारचे दोन केस उलटसुलट बसले असतील तर ते एकमेकांना धरतात, प्रत्येक हालचालीबरोबर एकमेकांत चढत जातात आणि गुंता होतो. म्हणूनच चांगला कारागीर गाठ मारताना केस मधोमध दुमडत नाही. मुळाकडचे टोक दोन-तीन सेंटिमीटरच ठेवतो आणि बाकीचा सगळा केस एका दिशेने सोडतो.

केस कोणाचे?

खवल्यांच्या या दिशेवरच केसांचा बाजारभाव ठरतो. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक स्त्रिया केस अर्पण करतात. लांब केस आधी बांधून मग उतरवले तर सगळी मुळे एकीकडे राहतात. देवस्थान हे केस लिलावाने विकते, २०११ पासून लिलाव संगणकाच्या जाळ्यावरून होऊ लागले. दुसरा माल म्हणजे गुंतवळ. फणीत अडकलेले केस जपून ठेवून बायका ते फेरीवाल्याला देतात आणि बदल्यात फुगे, सुया, एखादे भांडे घेतात, हे महाराष्ट्रातल्या खेड्यांत अनेकांनी पाहिलेले असेल. ही गुंतवळ कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या गावी जाते. तिथे बायका दिवसभर बसून ती हातांनी केस केस करून सोडवतात. त्यात मुळे आणि शेंडे मिसळलेले असतात. असे केस कारखान्यात आम्लात किंवा क्लोरिनच्या द्रावणात बुडवून त्यांचे खवलेच उतरवतात आणि वरून सिलिकोनचा लेप देतात. नवा टोप मग रेशमासारखा लागतो. पाच-सहा धुण्यांत लेप जातो आणि टोप अचानक खरबरीत होतो. गिऱ्हाइकाला वाटते, आपण धुताना चुकलो. दोष बहुधा धुण्याचा नसतो.

१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेने चिनी केसांवर बंदी घातली आणि टोपाचा धंदा दक्षिण कोरियाकडे वळला. काही वर्षांतच टोप ही त्या देशाची एक प्रमुख निर्यात झाली. गाठी मारणाऱ्या बहुतेक खेड्यांतून सोलला आलेल्या तरुण मुली होत्या. वाय. एच. या टोपाच्या कंपनीने कारखाना बंद केला तेव्हा सुमारे दोनशे कामगार स्त्रिया ऑगस्ट १९७९ मध्ये विरोधी पक्षाच्या कचेरीत ठिय्या देऊन बसल्या. ११ ऑगस्टला पहाटे पोलीस आत घुसले, त्या धुमश्चक्रीत किम क्योंग-सुक ही कामगार मरण पावली. विरोधी पक्षनेते किम यंग-साम यांना ऑक्टोबरमध्ये संसदेतून काढले गेले, बुसान आणि मासानमध्ये लोक रस्त्यावर आले, आणि २६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केली. कोरियाच्या इतिहासाची पुस्तके या घटनाक्रमाची सुरुवात टोपाच्या कारखान्यापासून करतात.

कृत्रिम केसांनी टोप स्वस्त केला. जपानमध्ये १९५७ साली आलेला कॅनेकॅलॉन हा धागा ॲक्रिलोनायट्रिल आणि व्हिनाइल क्लोराइड यांपासून होतो. त्याचे वळण कारखान्यातच उष्णतेने बसवलेले असते, त्यामुळे धुतले तरी मोडत नाही. पण तीच उष्णता घरी लागली तर आकार बिघडतो. प्रेशर कुकरची शिट्टी किंवा तव्याची धग समोरच्या केसांना पुरते, ते आक्रसून खरखरीत होतात आणि पूर्ववत होत नाहीत. असा टोप घालून स्वयंपाक करू नये.

आपल्याकडे आज टोपाची सर्वांत जास्त निकड नटांना नसते. कर्करोगावरची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि केसांच्या मुळांतल्या पेशी अशाच असतात, म्हणून केस जातात. औषधे थांबल्यावर काही आठवड्यांत ते बहुधा पुन्हा येऊ लागतात. या काळात डोक्याची कातडी हुळहुळी असते. तेव्हा गोंद वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, किंवा गोंदाऐवजी आतून मऊ मखमली पट्टी लावून टोप बसवावा. स्पिरिटने तर आग होते. पट्टीवर बसवलेल्या जाळीची कड किंचित उचललेली राहते, पण पुढचे केस थोडे कपाळावर घेतले की ती झाकली जाते. नोफ्रेतने उघडे ठेवले ते इथे केसांखाली जाते, इतकेच.

केस परत आल्यावर असे टोप पुष्कळदा दुसऱ्या रुग्णासाठी दिले जातात. दिलेला टोप आधी धुऊन, जाळीतला गोंद पूर्ण काढून वाळवावा लागतो. पुढची जाळी फाटलेली असली तरी टोप टाकून देण्याचे कारण नसते. कारागीर कपाळाकडची दोन-तीन बोटे जाळी कापून काढतो, नव्या जाळीचा तुकडा षट्कोनाला षट्कोन भिडवून मागे शिवतो आणि त्यावर पुन्हा एकेक केस गाठवत बसतो. बारीक आकडी, चांगला उजेड आणि काही दिवस एवढेच त्याला लागते.